पिवळे पान ओळखा, मगच बयाणा मोजा

वरूड, मोर्शी, काटोल, नरखेड या संत्र्याच्या पट्ट्यात बगीच्याचा सौदा पुष्कळदा झाडावरच होतो. फळ अजून हिरवे असते, तोडणीला दोन-तीन महिने अवकाश असतो. व्यापारी बगीच्यात फेरी मारतो, मालाचा अंदाज घेतो, भाव ठरवतो आणि बयाणा देऊन मोकळा होतो. या धंद्यात आमच्या बागवान बंधूंच्या कित्येक पिढ्या गेल्या आहेत. फळाचा आकार, सालीची चकाकी, एकूण माल किती निघेल याचा हिशेब, यात त्यांची नजर सहसा चुकत नाही. परंतु जी नजर फळावर ठरते ती पानावर तितकी ठरत नाही, असे आम्हाला दिसते. बगीचा जरा पिवळा वाटला तर "खत कमी पडले असेल" एवढे म्हणून पुढे जाण्याची सवय आहे.

ही सवय महागात पडते. सौदा झाल्यावर फळ झाडावर टिकले तरच तो माल आपला. ते टिकणार की गळणार, हे पान बरेच आधी सांगत असते. बगीचेवाल्याचेही तसेच आहे. पान पिवळे दिसले की तो कृषी सेवा केंद्रात जातो आणि एकाऐवजी तीन बाटल्या घेऊन परततो. रोग एक, औषध दुसरेच, आणि पैसा दोन्हीकडून जातो. म्हणून या लेखात पिवळ्या व करपलेल्या पानाची पारख कशी करावी हे आम्ही मुख्यतः संत्र्याच्या उदाहरणाने सांगणार आहोत. ज्यांच्या अंगणात लिंबू, मोसंबीची दोन-चार झाडे आहेत, त्यांनाही यातले बरेचसे उपयोगी पडेल.

आधी चार प्रश्न

पिवळे पडणे हा रोग नव्हे, ती तक्रार आहे. माणसाला ताप अनेक कारणांनी येतो, तसे पान अनेक कारणांनी पिवळे पडते. हकीम नाडी पाहून विचारपूस करतो, तशी झाडाची विचारपूस करावी. प्रश्न चारच आहेत.

पहिला, पिवळे पान जुने आहे की नव्या नवतीचे? दुसरा, पिवळेपणा कुठे आहे : सगळ्या पानावर, शिरांच्या मधल्या जागेत, शिरेवर, की कडेला? तिसरा, किती झाडे अशी आहेत : सगळा बगीचा, एखादा पट्टा, की मधूनमधून एकेक झाड? चौथा, हे किती दिवसांत झाले? या चार प्रश्नांची उत्तरे मिळाली की निम्म्याहून अधिक काम झाले म्हणून समजावे.

जुने पान पिवळे असेल तर

पानातील हिरवा रंग हरितद्रव्याचा. ते तयार व्हायला नत्र आणि मॅग्नेशियम लागते, लोहावाचूनही ते तयार होत नाही. यांपैकी नत्र, मॅग्नेशियम, तसेच पालाश ही द्रव्ये झाडाच्या अंगात फिरती असतात. जमिनीतून पुरवठा कमी झाला की झाड ती जुन्या पानातून काढून नव्या पानाला व फळाला देते. घरात तंगी आली की मोठी माणसे आपल्या ताटातले लेकरांच्या ताटात वाढतात, तसाच हा प्रकार. म्हणून या द्रव्यांची उणीव आधी जुन्या पानावर दिसते.

जुने पान शिरांसकट सगळेच फिकट पिवळे झाले असेल आणि झाडही विरळ दिसत असेल, तर नत्राची कमतरता समजावी. पानाच्या देठाकडे हिरवा त्रिकोण शिल्लक राहून बाकी भाग पिवळा पडला असेल, तर ती मॅग्नेशियमची खूण. फळांनी लदलेल्या फांद्यांवर, फळाजवळच्या पानांत ती अधिक दिसते. पानाचा शेंडा व कडा पिवळ्या होऊन मग तपकिरी करपत असतील, तर पालाशाचा संशय घ्यावा. व्यापाऱ्याने या तिसऱ्या खुणेकडे विशेष लक्ष द्यावे, कारण पालाश कमी पडला की फळ लहान राहते आणि गळतेही.

मात्र प्रत्येक पिवळे जुने पान आजारी नसते. झाडाच्या आतल्या भागातली, सावलीतली काही पाने वय झाल्यामुळे पिवळी होऊन गळतात, त्यात काही वावगे नाही. तसेच ताणाचे. आंबिया बहारासाठी थंडीच्या दिवसांत, तर मृग बहारासाठी मे महिन्यात बगीच्याचे पाणी तोडतात. पाणी तुटले की पाने मलूल होतात, फिकटतात, थोडी पानगळही होते. ही झाडाला मुद्दाम दिलेली विश्रांती आहे, कारण तिच्यानंतरच फूल येते. अशा वेळी बगीचा पाहायला गेलात तर "पाणी कधी तोडले?" हा प्रश्न आधी विचारावा.

नवी नवती पिवळी असेल तर

लोह आणि जस्त ही द्रव्ये जुन्या पानातून नव्या पानात सहजी जात नाहीत. त्यामुळे त्यांची उणीव शेंड्याकडच्या कोवळ्या पानांवर दिसते आणि खालची जुनी पाने हिरवीच राहतात.

कोवळे पान पिवळे, पण त्यावर शिरांची बारीक हिरवी जाळी स्पष्ट उमटलेली असेल, तर लोह कमी. उणीव फार वाढली की पान हस्तिदंतासारखे पांढुरके होते. नवी पाने लहान, अरुंद, उभट आणि एकमेकांजवळ दाटलेली असतील आणि शिरांच्या मधे पिवळे पट्टे असतील, तर जस्त कमी. पुष्कळदा दोन्ही एकत्रच असतात.

येथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी. जमिनीत लोह नाही म्हणून पान पिवळे पडले, असे सहसा नसते. जमीन चुनखडीची असली की त्यातले लोह व जस्त मुळांना घेता येईल अशा रूपात राहत नाही. तिजोरीत पैसा आहे, पण चावी हरवली आहे! याची परीक्षा घरीही करता येते. बगीच्यातली मूठभर कोरडी माती बशीत घेऊन तिच्यावर सिरका ओतावा. फसफसून बुडबुडे आले तर चुनखडी भरपूर आहे. अशा जमिनीत नुसती खताची पोती वाढवून पिवळेपणा जात नाही. द्रव्य पानावर फवारावे लागते आणि शेणखत, हिरवळीचे खत घालून जमीन हळूहळू सुधारावी लागते.

जस्तासाठी १० लिटर पाण्यात ५० ग्रॅम झिंक सल्फेट व २५ ग्रॅम चुना, हे फवारणीचे जुने व स्वस्त प्रमाण आहे. लोहासाठी त्याच प्रमाणात हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, घेतात. फवारणी नवी पाने पुरती उघडल्यावर, उन्हाच्या आधी किंवा उतरत्या उन्हात करावी. या दोन उणिवा दुरुस्त होण्याजोग्या आहेत, म्हणून केवळ एवढ्यासाठी चांगला बगीचा सोडून देण्याचे कारण नाही.

शिर पिवळी आणि पान हिरवे : सावध व्हा

आतापर्यंतच्या खुणांत शिर हिरवी आणि मधला भाग पिवळा होता, किंवा सगळेच पान पिवळे होते. याच्या उलट, मधली शिर व तिच्या फांद्या पिवळ्या पडल्या आहेत आणि बाकी पान अजून हिरवे आहे असे दिसले, तर नजर पानावरून काढून खोडाच्या बुडाशी न्यावी. खोडाची साल किंवा मुळे कुजून पानात तयार झालेल्या अन्नाची खाली जाण्याची वाट अडली की अशी खूण उमटते.

विदर्भाच्या भारी काळ्या जमिनीत पावसाचे पाणी साचते. तेथे फायटोफ्थोरा नावाची बुरशी जोर करते. मुळे कुजतात आणि खोडातून डिंक वाहतो, म्हणून शेतकरी त्याला डिंक्या म्हणतात. जमिनीलगत खोडाची साल पाहावी. डिंकाचे ओघळ आहेत का, साल दबली तर ओली-तपकिरी लागते का, हे पाहावे. मग आळ्यातली थोडी माती उकरून बारीक मूळ दोन बोटांत धरून ओढावे. वरची साल सहज सुटून हातात आली आणि आत दोऱ्यासारखा गाभा राहिला, तर मूळ कुजले आहे. हे झाड पाणी साचलेल्या जमिनीतही कोमेजलेले दिसते. अशा वेळी "पाणी कमी पडले" म्हणून आणखी पाणी देणे म्हणजे बुडत्याच्या डोक्यावर घागर ओतणे.

हाच रोग पावसाळ्यात फळावरही उतरतो, फळ तपकिरी होऊन सडते आणि गळते. ऑगस्ट-सप्टेंबरमधली आंबिया बहाराची फळगळ ज्यांनी सोसली आहे, त्यांना आम्ही अधिक सांगण्याची गरज नाही.

उपाय आहे, पण तो एका हंगामात गेलेले झाड परत आणत नाही. पाण्याला वाट करून द्यावी, चर काढावेत. खोडाला पाणी लागू नये म्हणून दुहेरी आळे करावे. खोडाची कुजलेली साल धारदार चाकूने खरवडून पावसाळ्याआधी व नंतर खोडाला तीन फूट उंचीपर्यंत बोर्डो मलम लावावे. मलमाचे प्रमाण : १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना आणि १० लिटर पाणी. मोरचूद निम्म्या पाण्यात व चुना उरलेल्या निम्म्या पाण्यात वेगवेगळा भिजवून मग दोन्ही एकत्र ओतावे. भांडे प्लास्टिकचे किंवा मातीचे घ्यावे, लोखंडी नको. तयार मिश्रणात चकचकीत लोखंडी खिळा किंवा पाते बुडवावे. त्यावर तांब्याचा लालसर थर चढला तर चुना कमी पडला आहे, आणखी चुन्याची निवळी घालावी. तांब्या-पितळेचे काम करणाऱ्या कारागिरांना ही परीक्षा लगेच कळेल. मिश्रण त्याच दिवशी वापरावे. फ्रान्समध्ये बोर्डो भागात द्राक्षांच्या रोगासाठी हा उपाय १८८५ च्या सुमारास प्रसिद्धीला आला आणि आजही कामाचा आहे.

रोपवाटिका चालवणाऱ्यांनी येथे आणखी एक ध्यानात ठेवावे. जंभेरीचा खुंट या बुरशीला लवकर बळी पडतो. डोळा जमिनीपासून ९ इंचांहून वर भरलेला असावा आणि कलम लावताना जोड मातीत गाडला जाऊ नये. स्वस्त कलम घेऊन दहा वर्षांनी बगीचा बसतो, तेव्हा नुकसान कलमाच्या किमतीत मोजता येत नाही.

पान दुमडून पाहा

संत्र्यावर ग्रीनिंग नावाचा एक घातक रोग आहे. तो सिट्रस सायला या बारीक किडीमुळे व रोगट डोळ्यांमुळे पसरतो. पहिल्या नजरेला तो जस्ताच्या उणिवेसारखा वाटतो, आणि घोटाळा येथेच होतो.

ओळखण्याची युक्ती सोपी आहे. पान मधल्या शिरेवर दुमडावे. द्रव्याची उणीव असेल तर पिवळेपणा दोन्ही बाजूंना जवळपास सारखा बसतो. ग्रीनिंगमध्ये डाव्या बाजूचा डाग उजव्या बाजूशी जुळत नाही, पान चट्ट्याचट्ट्यांनी विस्कळीत पिवळे असते. शिवाय एखादीच फांदी आधी पिवळी होते, फळ एका अंगाने वाकडे राहते, खालचा भाग हिरवाच राहतो आणि चव कडवट लागते. रोग लागलेले झाड बरे करणारे औषध नाही. किडीचा बंदोबस्त करणे, रोगट झाड काढणे आणि नवे कलम खात्रीच्या ठिकाणाहून आणणे, एवढेच हाती उरते. संशय आल्यास प्रयोगशाळेत तपासून घ्यावे. नागपूरचे लिंबूवर्गीय फळांचे राष्ट्रीय संशोधन केंद्र १९८५ मध्ये सुरू झाले, आज ते केंद्रीय संस्था म्हणून काम करते. अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ १९६९ पासून आहे. जिल्ह्याच्या कृषी विज्ञान केंद्रातही सल्ला मिळतो.

पान तपकिरी करपले असेल तर

कडा व शेंडे सगळीकडे सारखेच करपले असतील, तर बोअरचे खारे पाणी, पाण्याची ओढ किंवा पालाशाची उणीव यांपैकी काही असते. पाणी तपासून घेतले की निवाडा होतो. फवारणीनंतर दोन-चार दिवसांत एकाच वेळी डाग पडले असतील, तर औषध जास्त झाले किंवा भर उन्हात मारले गेले. पानावर धूळ बसल्यासारखे बारीक फिकट ठिपके असतील, तर पान पांढऱ्या कागदावर झटकावे. ठिपके चालू लागले तर ते कोळी आहेत. पिवळ्या कड्याचे, हाताला खरखरीत लागणारे तपकिरी डाग कागदी लिंबावर दिसले तर तो खैऱ्या.

आणि एकच फांदी अचानक वाळून पाने तिलाच चिकटून राहिली असतील, तर खोडावर भुशाची जाळी व भोक शोधावे. साल खाणारी अळी तेथे सापडते. भोकात तार घालून अळी मारावी, पेट्रोल किंवा रॉकेलचा बोळा कोंबून वरून चिखलाने लिंपावे.

संत्र्याखेरीज इतर फळांचा व्यवहार करणाऱ्यांसाठी दोन खुणा सांगतो. आंब्याच्या जुन्या पानांचे शेंडे व कडा विटकरी रंगाने करपत असतील, तर क्षार, त्यातही क्लोराइड, जास्त झाले आहे. तेथे म्युरेट ऑफ पोटॅश टाकू नये, पालाश सल्फेटच्या रूपात द्यावा. डाळिंबाची एक फांदी पिवळी पडून मग सगळे झाड वाळत असेल, तर खोड उभे चिरून पाहावे. आत करडा-तपकिरी पट्टा दिसला तर तो मर रोग, आणि तो शेजारच्या झाडाकडे जातो.

सौद्याच्या दिवशी

रस्त्यालगतची झाडे पाहून भाव करू नये. बगीच्याच्या सखल कोपऱ्यात, पाणी साचते तेथे आधी जावे. सगळ्या बगीच्यात सारखी खूण असेल तर प्रश्न खत-पाण्याचा व जमिनीचा, एका पट्ट्यात असेल तर निचऱ्याचा, सुटी-सुटी झाडे पिवळी असतील तर रोगाचा किंवा अळीचा संशय घ्यावा. शिर पिवळी असलेली झाडे मोजावीत आणि त्यांवरचे फळ हिशेबात धरू नये. पाणी, फवारणी व राखण कोणाकडे, हे सौदाचिठ्ठीत लिहून घ्यावे. तोंडी बोलणे तोडणीच्या वेळी कोणालाच आठवत नाही.

बगीचा फुलावर असतानाच घेण्याची पद्धतही काही ठिकाणी आहे. झाडावरचे फळ नीट उतरणार असे दिसू लागेपर्यंत त्याची विक्री करू नये, अशी ताकीद हदीसमध्ये आहे. सहीह बुखारीत ह. जैद बिन साबित (रजि.) यांच्या रिवायतीत त्याचे कारणही आले आहे : फळांना रोग लागे आणि खरेदीदार व बागवाले यांच्यात तंटे होत. तंट्याचे कारण आजही तेच आहे.

ही पारख दुधारी आहे, हेही सांगितले पाहिजे. ताणामुळे फिकटलेला किंवा नुसत्या जस्ताच्या उणिवेचा बगीचा पाहून "रोग लागला आहे, निम्म्या भावात दे" असे म्हणून गरजू बगीचेवाल्याला घाबरवणे ही बेइमानी आहे. जे दिसले ते त्यालाही सांगावे. त्याचे झाड वाचले तर पुढच्या बहाराचा सौदा आपल्याशीच होईल.

कृषी सेवा केंद्र चालवणाऱ्या बंधूंनाही आमचे एवढेच म्हणणे आहे की, खिशातून आणलेल्या एका वाळक्या पानावर बाटली देऊ नये. जुनी व नवी अशी दोन्ही पाने असलेली डहाळी ओल्या कागदात गुंडाळून आणायला सांगावी, चार प्रश्न विचारावेत आणि गरज नसेल तर "आज काही मारू नका" असे सांगण्याची हिंमत ठेवावी. त्या दिवशी एक बाटली कमी खपेल, पण ते गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानात जाणार नाही.